पाव टक्का कुणाच्या पदरात?

२०२२ ची अक्षय्य तृतीया ३ मे रोजी, मंगळवारी आली होती. महाराष्ट्रात या मुहूर्तावर सोनं घेतात तसं घरही बुक करतात. बिल्डर ‘फक्त आजच्यापुरती’ सवलत जाहीर करतात, बँकांची माणसं साइटवरच टेबल मांडून बसतात. त्या दिवशी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्के होता आणि गेली दोन वर्षं तो तिथेच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक टीव्हीच्या पडद्यावर आले. पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. तिची वाट न पाहता समितीने आधीच बसून दर ०.४० टक्क्यांनी वाढवला होता. सेन्सेक्स तेराशे अंकांनी गडगडला. एलआयसीच्या शेअरविक्रीचाही तो पहिलाच दिवस, त्यामुळे संध्याकाळच्या बातम्यांत बोलणं झालं ते बाजाराचं. आदल्या दिवशी टोकनचा चेक देऊन आलेल्यांकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

मग जून, ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारी २०२३ अशा पाच बैठकांत दर चढत गेला आणि साडेसहा टक्क्यांवर जाऊन थांबला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. पुढची दोन वर्षं तो जागचा हलला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये, संजय मल्होत्रा गव्हर्नर झाल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत, पाव टक्का उतरला. एप्रिलमध्ये आणखी पाव, जूनमध्ये एकदम अर्धा. १ ऑक्टोबरच्या बैठकीने तो साडेपाच टक्क्यांवर कायम ठेवला आणि २०२५ ची दिवाळी त्याच दरात साजरी झाली.

दर बैठकीनंतर वर्तमानपत्रांत ठरलेली चौकट येते: ‘कर्जं स्वस्त होणार’ किंवा ‘हप्ता वाढणार’. ही चौकट वाचून वाटतं की मुंबईच्या फोर्टमधल्या त्या उंच इमारतीत एक आकडा ठरला आणि तो देशातल्या प्रत्येक घरात सारखाच पोहोचला. प्रत्यक्षात तो प्रत्येक घरात त्या घराने सही केलेल्या करारातून शिरतो. कुणाचा करार बदलत्या दराचा, कुणाचा गोठवलेला, कुणाचा या आकड्याशी संबंधच नसलेला. फायदा कुणाला आणि तोटा कुणाला, हे बहुतेकदा त्या करारात आधीच ठरून गेलेलं असतं. आणि तो करार समजावून सांगण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, ते ती नीट पार पाडत नाहीत, हे मला या चार वर्षांत अनेक घरांमध्ये बसून, पासबुकं आणि कर्जाचे उतारे बघून पुनःपुन्हा जाणवलं.

आधी यंत्रणा थोडक्यात. बँकांनी सरकारी कर्जरोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून अगदी थोड्या मुदतीसाठी, बहुधा एका रात्रीपुरते, पैसे उचलले तर त्यावर पडणारं व्याज म्हणजे रेपो. बँकेकडे पैसा जास्तीचा असेल तर तो रिझर्व्ह बँकेकडे ठेवून रेपोपेक्षा पाव टक्का कमी व्याज मिळतं. फारच नड असेल तर पाव टक्का जास्त मोजून पैसे मिळतात. या अर्ध्या टक्क्याच्या पट्ट्यात बँकांचा आपापसातला रोजचा व्यवहार चालतो. हा दर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती: तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे, आणि मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. ही रचना २०१६ ची. महागाई चार टक्क्यांवर ठेवा, दोन टक्के इकडेतिकडे चालेल, हे उद्दिष्ट तिला कायद्याने नेमून दिलेलं आहे.

त्याआधी दर बदलला तरी तो घरापर्यंत येईलच याची खात्री नसे. रिझर्व्ह बँकेचा जुना ‘बँक रेट’ तर १९३५ च्या नोव्हेंबरपासून १९५१ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे चिंतामणराव देशमुखांची गव्हर्नरपदाची सगळी कारकीर्द धरून, तीन टक्क्यांवरच होता. सामान्य माणसाला त्याचं सोयरसुतक असण्याचं कारणही नव्हतं, कारण घरासाठी बँक कर्ज देते ही कल्पनाच नव्हती. त्यासाठी एचडीएफसीची स्थापना होईपर्यंत, १९७७ पर्यंत, थांबावं लागलं. पुढे गृहकर्ज मध्यमवर्गाच्या आयुष्याचा भाग झालं तेव्हा बँका आपला दर आपणच काढायच्या. आधी पीएलआर, मग २०१० पासून बेस रेट, २०१६ पासून एमसीएलआर. दर वेळी सूत्र नवं आणि अनुभव जुनाच: रेपो चढला की हप्ता लगोलग वाढायचा, उतरला की बँकेला ठेवींचा खर्च आठवायचा. हे केवळ कर्जदारांचं रडगाणं नव्हतं. रिझर्व्ह बँकेने जनक राज यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अंतर्गत अभ्यासगटाने २०१७ मध्ये स्पष्ट लिहिलं की हे दर काढताना बँका मनमानी करतात. त्यातूनच १ ऑक्टोबर २०१९ पासून नवा नियम आला. बँकांनी दिलेली बदलत्या दराची नवी गृहकर्जं, वाहनकर्जं आणि लहान उद्योगांची कर्जं बाहेरच्या एखाद्या दराशी बांधायची. जवळपास सगळ्यांनी रेपो निवडला.

नियम चांगलाच होता. पण त्याची पहिली मोठी परीक्षा झाली ती दर चढताना.

डोंबिवली पूर्वेला राहणारं एक जोडपं माझ्या ओळखीचं आहे. तो अंधेरीला एका खासगी ऑफिसात, ती कल्याणला एका शाळेत. कोविडच्या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात सवलत दिली, आणि दस्त नोंदणीच्या कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. डिसेंबर २०२० या एका महिन्यात मुंबईत एकोणीस हजारांहून जास्त दस्त नोंदले गेले. सवलत मार्च २०२१ ला संपणार म्हणून या दोघांनीही घाई केली. भाड्याच्या घरात दहा वर्षं काढलेली माणसं. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं मुदत. रेपो चार टक्के आणि त्यावर बँकेचे पावणेतीन, असा पावणेसात टक्के दर. हप्ता २२ हजार ८११ रुपये. बँकेच्या माणसाने सांगितलं होतं, “मॅडम, इतका कमी दर पुन्हा मिळायचा नाही.” ते खरंच होतं. पण हा दर तुम्हाला वीस वर्षं मिळणार नाही, हे वाक्य त्याला जोडून कुणी बोललं नाही.

फेब्रुवारी २०२३ पर्यंत त्यांचा दर सव्वानऊ टक्के झाला. हप्ता मात्र २२ हजार ८११ च राहिला, म्हणून सुरुवातीला त्यांना काही जाणवलं नाही. एका रविवारी तिने कर्जाचा उतारा मागवला आणि मला फोन केला, “हे बघ ना जरा, काहीतरी चुकलंय.” चुकलं काहीच नव्हतं. जवळजवळ दोन वर्षं हप्ते भरूनही मुद्दल अठ्ठावीस लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास शिल्लक होतं. त्यावर सव्वानऊ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज होतं सुमारे २२ हजार २४०. म्हणजे हप्त्यातले जेमतेम पावणेसहाशे रुपये मुद्दलात जात होते. त्या गतीने कर्ज फिटायला अजून चाळीस वर्षं लागली असती. तिचा नवरा तेव्हा चाळिशीचा होता.

ज्यांचं कर्ज आणखी ताजं होतं, त्यांची अवस्था याहून वाईट होती. पुऱ्या तीस लाखांवर सव्वानऊ टक्क्यांनी महिन्याचं व्याज २३ हजार १२५ होतं, म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षाही जास्त. हप्ता वेळेवर भरायचा आणि कर्ज तरी वाढतच जायचं. आकडेमोडीतला हा अपवाद नव्हता. २०२०-२१ च्या स्वस्त दरात लांब मुदतीचं कर्ज घेतलेला कुणीही या टप्प्यावर येऊ शकत होता. बँका बहुतेकांना काही न विचारता मुदत वाढवत होत्या. याच्या तक्रारी इतक्या झाल्या की १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं: दर बदलल्यावर हप्ता किंवा मुदत किती बदलते ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत, की दोन्ही थोडं थोडं, हे त्याला ठरवू द्या, आणि हप्त्यात व्याजसुद्धा भागत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. हे सांगायला दरवाढ सुरू झाल्यापासून पंधरा महिने लागले. अंमलबजावणीला त्या वर्षाच्या अखेरपर्यंतची मुदत होती. तोवर दरवाढ संपूनही गेली होती.

डोंबिवलीच्या घरात मग दोन पर्याय आले. मूळ मुदत टिकवायची तर हप्ता २७ हजार ४०० च्या आसपास, म्हणजे दरमहा साडेचार हजारांहून जास्त वाढ. किंवा तिथून पुढे पंचवीस वर्षं आणि हप्ता २४ हजार ७००. त्यांनी दुसरा घेतला. मुलीच्या नावाची तीन हजारांची आरडी बंद केली आणि दोन हजार त्यातून काढले. अर्थशास्त्राच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की व्याजदर वाढवले की मागणी घटते आणि मागणी घटली की महागाई उतरते. या वाक्यातली ‘मागणी’ म्हणजे अशा आरड्या, पुढे ढकललेलं दाताचं काम, न घेतलेली स्कूटर. असं लाखो घरांत घडलं की दुकानदाराला किंमत वाढवताना विचार करावा लागतो, कारखान्याला माणसं घेताना हात आखडावा लागतो. दरवाढीचा हा अनपेक्षित दुष्परिणाम म्हणता येत नाही. औषध काम करतं ते याच वाटेने. म्हणूनच ते ज्यांच्यावर चालवलं जातं त्यांना आधी सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आता उताराकडे. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो एक टक्क्याने उतरला आणि या दोघांचा दर सव्वाआठ झाला. तिने विचारलं, “उतरलाय म्हणतात, मग हप्ता का तोच?” बँकेने हप्ता कायम ठेवून मुदत कमी केली होती, जवळपास चार वर्षांनी. हे खरं तर त्यांच्या फायद्याचंच आहे. हप्ता कमी करून घेण्यापेक्षा मुदत कमी झालेली कधीही बरी. पण त्यांना ते उताऱ्यात शोधावं लागलं. दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. २०२५ च्या उन्हाळ्यात चांगला पतगुणांक असलेल्या नव्या ग्राहकाला साडेसात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत होतं, कारण नव्या ग्राहकासाठी बँकांनी रेपोवरची आपली भर दोन टक्क्यांवर आणली होती. जुन्यांची भर करारात पावणेतीन लिहिलेली, ती पावणेतीनच. अठ्ठावीस लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला एकवीस हजार. अर्ज करून, शुल्क भरून किंवा दुसऱ्या बँकेत कर्ज नेऊन तो फरक मिळवता येतो, आणि बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंडही नाही. पण आधी त्यासाठी बँकेच्या दारात जावं लागतं. दर चढतो तेव्हा तो आपोआप चढतो. उतरलेल्या दराचा सगळा फायदा मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. वाचकांपैकी ज्यांचं कर्ज पाच-सात वर्षांपूर्वीचं आहे, त्यांनी शाखेत जाऊन एवढा एकच प्रश्न विचारावा: माझी भर किती आणि आज येणाऱ्याला किती? कर्ज २०१९ पूर्वीचं असेल तर ते अजून एमसीएलआर किंवा बेस रेटवरच आहे का, हेही बघावं. गृहवित्त कंपन्या आणि सहकारी बँकांना तर रेपोशी बांधून घेण्याची सक्तीच नाही.

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हेच गणित वेगळ्या रूपात दिसलं. चाळीस लाखांची कॅश क्रेडिटची मर्यादा सतत काठोकाठ वापरात, त्यावर अडीच टक्के वाढले की वर्षाला एक लाख रुपये जातात. मालकाचं म्हणणं असं की व्याजाची त्याची तक्रार नाही. मोठी कंपनी बिलाचे पैसे नव्वद दिवसांनी देते आणि त्या नव्वद दिवसांचं व्याज तो भरतो, ही तक्रार आहे. पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे, पण जो ग्राहकच सगळं काम देतो त्याच्याविरुद्ध कायदा घेऊन कोण उभं राहणार? दरवाढीच्या काळात मोठ्या कंपन्यांना पैसे थकवून ठेवण्याचा मोह आणखी वाढतो, कारण लहान पुरवठादाराची थकलेली बिलं म्हणजे त्यांच्यासाठी बिनव्याजी कर्ज असतं.

कर्जदाराच्या दुःखाला निदान बातमीत जागा मिळते. ठेवीदार मात्र बोलत नाही.

साताऱ्यातले एक काका एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएसची पेन्शन इतकी तुटपुंजी की तिचा उल्लेख करायलाही ते लाजतात. या योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून महिना हजार रुपयेच आहे. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे मिळून वीस लाख त्यांनी बँकेत साडेसात टक्क्यांनी ठेवले होते. महिन्याला साडेबारा हजार हातात यायचे आणि त्यात दोघांचं भागायचं. २०२० मध्ये मुदत संपली तेव्हा रेपो चारवर आलेला. ज्येष्ठ नागरिकांची जादा टक्केवारी धरून दर मिळाला सहा टक्के, म्हणजे महिना दहा हजार. दर आणखी पडतील या भीतीने त्यांनी पुन्हा पाच वर्षांसाठी पैसे बांधून टाकले. त्या आर्थिक वर्षात देशातली सरासरी किरकोळ महागाई ६.२ टक्के होती. २०२२-२३ मध्ये ती ६.७ टक्के झाली. म्हणजे या दोन्ही वर्षांत व्याज घेऊनसुद्धा त्यांच्या वीस लाखांची किंमत घटतच होती.

२०२३ मध्ये ठेवींचे दर चढले, तेव्हा काकांची ठेव सहा टक्क्यांवर गोठलेली. मोडावी तर दंड, आणि मोडल्यावर आधीच्या व्याजाचाही फेरहिशोब. ती मोकळी झाली २०२५ मध्ये, दर पुन्हा उतरायला लागल्यावर. चढाचा सगळा काळ त्यांना बाहेरून बघावा लागला. याच्या उलट, ज्यांनी २०२३ मध्ये साडेसात टक्क्यांनी लांब मुदतीला ठेव बांधली ते आज समाधानी आहेत, हेही नोंदवायला हवं. पण काकांसारख्या माणसाने दराचा चढउतार ओळखून ठेव ठेवायची, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. बँकेने आपल्या बाजूला दोन्हींचे करार वेगवेगळे करून ठेवलेत: कर्जाचा दर बदलता, ठेवीचा गोठलेला. दर चढताना व्याजाचं उत्पन्न आधी वाढतं, ठेवींवरचा खर्च मागाहून. उतरताना त्याची उलट झळ बँकेलाही बसते, म्हणूनच २०२५ मध्ये बचत खात्यांचे दर बँकांनी इतक्या तत्परतेने कमी केले. स्टेट बँकेचा जूनमध्ये अडीच टक्क्यांवर आला.

काकांना वाट सापडली ती पोस्टात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे आणि मर्यादा तीस लाख. वीस लाखांवर दर तिमाहीला ४१ हजार. २०२० मध्येसुद्धा या योजनेत ७.४ टक्के मिळत होते. मर्यादा पंधरा लाख असली तरी तेवढी रक्कम सहा टक्क्यांवर अडकून पडली नसती. शाखेत त्यांना कुणी हे सांगितलं नाही. आपल्याकडची ठेव दुसऱ्या खिडकीत पाठवावी असं बँकेला वाटणार नाही, हे समजू शकतं, पण त्याच शाखेत ही योजनाही चालत होती.

अल्पबचतीचे हे दर रिझर्व्ह बँक ठरवत नाही. ते दर तिमाहीला अर्थमंत्रालय जाहीर करतं. श्यामला गोपीनाथ समितीने २०११ मध्ये सुचवल्याप्रमाणे सरकारी कर्जरोख्यांच्या दराला बांधलेलं सूत्र आहे, पण त्यापुढे सरकारची मर्जी चालते. ३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी सरकारने या योजनांचे दर कापल्याचा आदेश काढला. पीपीएफ ७.१ वरून ६.४, ज्येष्ठांची योजना ७.४ वरून ६.५. दुसऱ्या दिवशी सकाळी, पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये मतदान सुरू असताना, अर्थमंत्र्यांनी ट्वीट करून आदेश मागे घेतला आणि तो नजरचुकीने निघाल्याचं सांगितलं. तेव्हापासून पीपीएफ ७.१ वरच आहे. बँकांची तक्रार अशी की पोस्टाचे दर एवढे चढे असतील तर आम्ही ठेवींचे दर उतरवायचे कसे, आणि मग कर्जं स्वस्त व्हायची कशी. तांत्रिकदृष्ट्या ती बरोबर आहे. पण ज्या देशात खासगी नोकरीतून निवृत्त होणाऱ्या बहुतेकांना जगण्यापुरती पेन्शन नाही, तिथे व्याज हीच पेन्शन असते. धोरणाला अडथळा म्हणून जी गोष्ट अहवालात लिहिली जाते, तीच साताऱ्याच्या त्या घरात महिन्याचं वाणसामान आणते.

शेतकऱ्याच्या पीककर्जाला रेपो जवळजवळ शिवत नाही. तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सूट, आणि महाराष्ट्रात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून उरलेलं व्याजही माफ. दुसऱ्या टोकाला सूक्ष्मवित्त कंपन्यांकडून गटाने कर्ज घेणाऱ्या बाया वीस-पंचवीस टक्के भरतात. त्यांच्या दारी पाव टक्का चढला काय नि उतरला काय, कळतसुद्धा नाही. २०२२ मध्ये या कर्जांवरची व्याजाची मर्यादा रिझर्व्ह बँकेने काढून टाकली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अवाजवी व्याज लावल्याबद्दल चार वित्त कंपन्यांना नवी कर्जं देण्यास मनाई करण्याची पाळी तिच्यावरच आली.

असं असूनही पतधोरणाची सगळ्यात मोठी किंमत नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने मोजली, असं माझं मत आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

महागाई मोजण्याच्या २०२५ पर्यंतच्या निर्देशांकात खाण्यापिण्याच्या वस्तूंचं वजन जवळपास ४६ टक्के होतं. त्यात कांद्याचा वाटा जेमतेम ०.६४. टोमॅटो, कांदा आणि बटाटा तिन्ही धरले तरी सव्वादोन टक्क्यांच्या आतच. पण यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात तेव्हा एवढंसं वजनही सगळा आकडा वर खेचतं. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले आणि महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. व्याजदर वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाहीत हे रिझर्व्ह बँकेला ठाऊक होतं. ऑगस्टमध्ये तिने दर हलवला नाही, आणि ते योग्यच केलं. पण लक्ष्य तर चार टक्क्यांचं, त्यातून निवडणुकीचं वर्ष जवळ आलेलं. मग दुसरी हत्यारं निघाली आणि ती सरकारच्या हातात होती. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं. नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत आली. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच झाली. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, लासलगावचे भाव कोसळले. बंदी उठली ती मे २०२४ मध्ये, तीही शुल्क कायम ठेवून. ते पूर्ण हटलं १ एप्रिल २०२५ ला.

निफाड तालुक्यात एका शेतकऱ्याच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलेला बघत उभा असताना त्याने विचारलेला प्रश्न सरळ होता: “शहरातल्या लोकांचा हप्ता वाढू नये म्हणून आमचा माल अडवता का?” त्याला रेपो दर माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण त्याने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं होतं. महागाई उतरवण्याचा भार कुणावर तरी टाकावाच लागतो. दर वाढवला तर तो कर्जदारावर पडतो. निर्यात अडवली तर शेतकऱ्यावर. पहिला निर्णय सहा जण मतदान करून घेतात, कुणी काय मत दिलं ते जाहीर होतं, चौदाव्या दिवशी इतिवृत्त छापलं जातं. दुसरा निर्णय एका अधिसूचनेत रात्रीतून निघतो. त्यात कुणाचं किती नुकसान धरलं होतं, भरपाई का नाही, याचा कागद कुठे मिळत नाही.

अर्थात रिझर्व्ह बँकेचंही सगळं उघड नाही. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या महागाई सहा टक्क्यांच्या वर राहिली. अशा वेळी लक्ष्य का चुकलं याचं लेखी उत्तर सरकारला द्यावं, असं कायदा सांगतो. ३ नोव्हेंबर २०२२ ला समितीची खास बैठक झाली, पत्र गेलं, आणि ते प्रसिद्ध केलं नाही. चार टक्क्यांचं वचन जनतेला दिलेलं होतं. ते पाळता आलं नाही, त्याची कारणं युद्धासारखी हाताबाहेरचीही होती, पण खुलासा मात्र फक्त सरकारपुरता राहिला. डोंबिवलीच्या त्या जोडप्याचा हप्ता ज्या कारणाने वाढला, ते कारण त्यांना वाचायला मिळू नये, हे मला पटत नाही.

पुढे हाच प्रश्न नव्याने उघडला. जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणीत अशी सूचना आली की महागाईचं लक्ष्य अन्नपदार्थ वगळून ठरवण्याचा विचार व्हावा, कारण त्यांच्या किमती पुरवठ्यावर ठरतात आणि व्याजदराला त्या दाद देत नाहीत. २१ ऑगस्ट २०२५ ला रिझर्व्ह बँकेने चर्चेसाठी एक निबंध प्रसिद्ध करून लोकांची मतं मागवली: लक्ष्य एकूण महागाईचं ठेवायचं की अन्न आणि इंधन सोडून उरलेल्या महागाईचं, चार टक्के हाच आकडा योग्य आहे का, आणि दोन टक्क्यांची वरखालची मुभा बदलायची का. त्या वेळची महागाई बघता हे प्रश्न कुणाला निकडीचे वाटले नसतील. जुलैत ती जेमतेम दीड टक्क्याच्या वर होती.

माझं मत अन्न वगळण्याच्या विरोधात आहे. ज्या घरात कमाईतला निम्मा पैसा किराणा आणि भाजीवर जातो, त्या घराला ‘अन्न सोडून महागाई तीन टक्के’ असं सांगणं म्हणजे त्याची महागाई मोजायचीच नाही असं ठरवणं आहे. शिवाय भाजी महागली की मजुरी वाढवून मागितली जाते, डबेवाली दर वाढवते, रिक्षाचं भाडं चढतं. अन्नाची महागाई अन्नापुरती राहत नाही. पण लक्ष्यात अन्न ठेवायचं असेल, तर ते गाठण्यासाठी निर्यातबंदीसारखी हत्यारं किती काळ, कुणाच्या खर्चाने आणि कोणत्या भरपाईवर वापरायची, हेही त्याच चौकटीत लिहावं लागेल. नुसता व्याजदर ठरवणाऱ्या समितीला जाब विचारायचा आणि शुल्क लावणाऱ्या मंत्रालयाला मोकळं सोडायचं, ही आजची व्यवस्था निफाडच्या शेतकऱ्याला न्याय देत नाही. या लक्ष्याची पाच वर्षांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती. त्याआधी केंद्र सरकारने रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून पुढच्या पाच वर्षांचा आकडा ठरवायचा होता. साधारण त्याच सुमाराला नाशिकचा नवा उन्हाळ कांदा बाजारात यायला लागतो.